'विरोधी रंगसंगती': संगतीत विरोध कसा?

घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची मुलगी यंदा चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसतेय. संकल्पचित्राचा सराव घेताना सर म्हणाले, "इथे विरोधी रंगसंगती वापर." ताई विचारतात: रंगसंगती म्हणजे रंग जुळणं, मग ती विरोधी कशी असेल? शिवाय लाल आणि हिरवा एकमेकांचे 'पूरक' कसे? पूरक म्हणजे मदतीला येणारा ना?

सरांचं काही चुकलेलं नाही. 'संगती'त मुळात जुळण्याचा अर्थ नाहीच. सम् आणि गम्, म्हणजे एकत्र जाणं, सोबत असणं. सोबत वाईटही असते, म्हणून तर पोरांना वाईट संगत लागते. तबलजी गवयाची संगत करतो तेव्हा तो गवयाचा सूर गात बसत नाही, आपलं वेगळंच काम करतो. तेव्हा रंगसंगती म्हणजे कुठला रंग कुणाच्या शेजारी बसवला, इतकंच. ती सुसंगत असेल, विरोधी असेल किंवा एकाच रंगाच्या छटांची असेल. पण आपण हा शब्द बहुतेक वेळा कौतुकानेच वापरतो, त्यामुळे त्याला चांगुलपणा चिकटला. 'चवी'चं असंच झालंय. चव वाईटही असते, पण 'चवदार' म्हटलं की चांगलंच. (गडकरी रंगायतनातला 'रंग' यातला नव्हे. तो रंगभूमीचा, म्हणजे नाट्यस्थळाचा.)

'पूरक'ची गोष्ट जास्त मजेची आहे. पूर, पूर्ण, पुरवणी, पुरेसा हे सगळे त्याचे भाऊबंद, आणि सगळ्यांच्या मुळाशी 'भरणं'. प्राणायामात श्वास आत भरून घेणं म्हणजे पूरक. मदतीचा अर्थ नंतरचा, कमी पडेल ते भरून काढणारा म्हणून आलेला. आता रंगपेटी उघडा. लाल, पिवळा, निळा हे तीन मूळ रंग. लाल बाजूला काढला की उरतात पिवळा आणि निळा, त्यांचा होतो हिरवा. म्हणजे लालजवळ जे नाही ते सगळं हिरव्यात आहे. लाल अधिक हिरवा म्हणजे तिघं पूर्ण, म्हणून पूरक. याच हिशेबाने निळ्याचा नारिंगी आणि पिवळ्याचा जांभळा. रंगचक्रावर या जोड्या समोरासमोर येतात, म्हणून 'विरोधी' हेही नाव. दोन्ही शब्द एकाच जोडीचे. शाळेच्या भूमितीत पूरक कोनांची बेरीज 180 अंश, आणि चक्रावर समोरासमोरच्या रंगांतलं अंतरही 180 अंशच. निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला बरा.

भरून काढायची ही खोड डोळ्यालाही आहे. लाल कागदाकडे अर्धा मिनिट टक लावून पाहा आणि नजर पांढऱ्या कागदावर न्या. निळसर हिरवा डाग तरंगताना दिसेल. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात, जिथे भिंतीवर टांगायचे चित्रांचे पडदे विणत, शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचे प्रमुख होते. तक्रार आली की काळा धागा फिका दिसतो. त्यांनी तपासलं तर रंगात खोट नव्हती. खोट होती शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांची. शेजारचा रंग आपल्या विरोधी छटेची झाक पलीकडच्या रंगावर टाकतो, हा नियम त्यांनी 1839 मध्ये सविस्तर मांडला.

म्हणून पूरक रंग शेजारी ठेवले तर एकमेकांना उठाव देतात, आणि एकमेकांत कालवले तर मळकट करड्या-तपकिरीकडे जातात. शेजार लाभतो, मिसळणं बाधतं. (मोबाइलवर मुलीला लालचा विरोधी निळसर हिरवा, म्हणजे सायन, दाखवला तर गोंधळू नका. पडद्यावर रंग प्रकाशाचे, मूळ रंगच वेगळे, त्यामुळे जोड्याही वेगळ्या.)

'कॉन्ट्रास्ट'ला मात्र 'विरोध' पुरत नाही, असं माझं मत. फिकट-गडद, उष्ण-शीत, चमकदार-मंद हेही कॉन्ट्रास्टच. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकवलेल्या योहानेस इटेन यांनी असे सात प्रकार मांडले, त्यांत पूरक रंगांचा फक्त एक. आपल्याकडे 'उठाव' हा उत्तम शब्द आहे. ठाण्यात जांभळी नाक्याला ब्लाऊजपीस घेणाऱ्या बायका 'कॉन्ट्रास्ट दाखवा' म्हणतात खऱ्या, पण कापड साडीवर टाकून निवाडा देतात तो मराठीतच: "हा उठून दिसतोय", "हा साडीला मारतोय", "हा अगदीच विजोड". 'विजोड'कडे नीट बघा. तो विरोधी नव्हे. हिरव्या साडीचा लाल काठ विरोधी आहे, विजोड नाही. ज्या दोघांत ना साम्य ना विरोध, ते विजोड. आणि हार्मनीसाठी 'सुसंगत' चालतो, पण मला 'संवादी' आवडतो. गाण्यातून आयता मिळतो आणि सोबत 'विवादी'ही देतो. विवादी, म्हणजे रागात न बसणारा स्वर जाणकार अगदी जपून लावतो, तेव्हा राग खुलतो. विरोधी रंगही असाच, थोडासाच लावायचा.

मुलीला नेमकं हेच प्रमाण दाखवायचं असेल तर हिवाळ्यात ऐरोलीहून बोटीने खाडीत घेऊन जा. दूरवर हिरवी खारफुटी आणि तिच्यापुढे गुलाबी पक्ष्यांची बारीकशी रेघ. निम्मं-निम्मं काही नाही, तरी नजर आधी गुलाबीवरच जाते. फ्लेमिंगोला मराठीत रोहित म्हणतात, आणि संस्कृतात रोहित म्हणजे लाल.