डुक्कर समजून गोळी झाडली, मग गुन्हा कसला?

प्रश्न : आम्ही कोकणातले. माझा भाऊ गावातल्या चौघांबरोबर रात्री डुकराच्या पारधीला गेला होता, झाडीत हालचाल झाली म्हणून त्यातल्या एकाने बार काढला आणि तो भावालाच लागला. भाऊ तिथेच गेला. बंदूक ठासणीची, लायसन नाही. बार काढणारा नात्यातलाच आहे, आमच्या घरी जेवलेला मुलगा. आता सगळे म्हणतात की त्याने काही मुद्दाम नाही केलं, प्रामाणिक चूक झाली, तुम्ही तक्रार मागे घ्या. वहिनी गप्प असते. चूक प्रामाणिक असेल तर कायदा खरंच सोडतो का? आणि सोडावं का? — एक बहीण, सिंधुदुर्ग

उत्तर : ताई, कायदा कधी कधी खरंच सोडतो, आणि शिक्षा कमी वगैरे करून नाही, पूर्ण निर्दोष सोडतो. पण गावातले लोक ज्याला प्रामाणिक चूक म्हणतायत आणि कायदा ज्याला माफी देतो त्यात बरंच अंतर आहे, आणि ते नीट कळावं म्हणून एक जुनी केस सांगते.

१९५८ सालची गोष्ट, ओरिसातल्या रासगोविंदपूरची. तिथे एक ओसाड पडलेला विमानतळ होता, त्याचं भंगार घ्यायला कलकत्त्याचा एक व्यापारी आपल्या नेपाळी नोकराला घेऊन आला होता. आजूबाजूच्या गावात पक्की समजूत की रात्री त्या माळावर भुतं फिरतात, एकटं कोणी जायचं नाही. एका रात्री हे लोक एका गावकऱ्याला घरी पोचवून परत येत होते तर लांब मिणमिणता उजेड दिसला, वारा सुटलेला त्यामुळे तो हलत होता आणि भोवती आकृत्या. नोकर खुकरी उपसून धावला आणि समोर येईल त्यावर वार करत सुटला, मागून आलेल्या बरोबरच्या चहावाल्यालाही लागलं. किंकाळ्या ऐकल्यावर कळलं की त्या आदिवासी बायका होत्या, कंदील घेऊन मोहाची फुलं वेचायला आलेल्या. एक मेली, दोघी जखमी.

ओरिसा हायकोर्टाने १९५९ मध्ये त्याची सुटका कायम ठेवली. सरकारचं म्हणणं होतं की याने पुरेशी काळजी घेतलीच नाही, तर कोर्ट म्हणालं, आणखी काळजी घेतली असती तर कदाचित हे टळलं असतं एवढ्यावरून बचाव नाकारता येत नाही, त्या माणसाची समजूत, ती जागा, ती वेळ बघायला हवी. तेव्हाच्या नागपूर हायकोर्टासमोर तर याहून वाईट केस आली होती, एका बापाने आपल्या एकुलत्या एक मुलाला वाघ समजून कुऱ्हाडीने मारलं. त्याच्या पायाला गळू झालेलं, त्यात पडून डोक्याला मार, डॉक्टरांनी सांगितलं की अशा अवस्थेत भास होऊ शकतो. तोही सुटला आणि मला ते बरोबरच वाटतं, त्या बापाला जेलमध्ये टाकून कोणाचं काय भलं होणार होतं?

आता तुमच्याकडे येऊ. या दोन्ही केसमध्ये लागलेलं कलम म्हणजे जुन्या आयपीसीचं, म्हणजे भारतीय दंड संहितेचं ७९, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १७. त्यात नुसतं मनापासून वाटलं एवढं पुरत नाही, सद्भावनेने वाटायला हवं, आणि कायद्यातली सद्भावना म्हणजे योग्य ती काळजी आणि लक्ष देऊन केलेली गोष्ट, त्याशिवाय ती सद्भावनाच नाही. आणि दुसरं, जे लोक विसरतात, की त्याला जे वाटलं ते खरं असतं तरी त्याचं कृत्य कायद्यात बसलं असतं का. समोर खरंच भूत असतं तर खुकरी चालवणं गुन्हा नव्हता, खरंच वाघ अंगावर आला असता तर कुऱ्हाड घालणं गुन्हा नव्हता. पण १ जुलै २०१८ ला धुळ्याच्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला काय झालं आठवा, आठवडी बाजाराच्या दिवशी एसटीतून उतरलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. मारणाऱ्यांमधल्या कितीतरी जणांना ते मनापासून खरं वाटत असेल, व्हॉट्सअॅपवर तेच फिरत होतं. पण समजा ते पाच जण खरंच मुलं चोरणारे असते, तरी कोंडून ठेवलेल्या माणसाला मारून टाकायचा हक्क कोणाला? पोलिसांच्या ताब्यात द्यायचं, संपलं. तिथे चुकीच्या समजुतीचा बचाव उभाच राहत नाही.

तुमच्या भावाच्या केसमध्ये हेच लावून बघा. झाडीत खरंच डुक्कर असतं तरी विनापरवाना बंदूक आर्म्स अॅक्टखाली गुन्हा, आणि परवानगीशिवाय डुकराची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा. म्हणजे त्याला वाटलं ते शंभर टक्के खरं धरलं तरी तो कायद्याने वागत नव्हताच. अपघाताचा बचाव म्हणजे कलम १८, तोही कायदेशीर काम, कायदेशीर पद्धतीने आणि काळजी घेऊन करत असतानाच मिळतो. शिवाय आपले चार जण त्याच रानात अंधारात पांगलेत हे माहीत असताना बॅटरी न मारता, आवाज न देता हालचालीवर बार काढला, ही हयगय सोडून दुसरं काय आहे.

पण खोटी आशा पण नाही लावणार. खुनाचं कलम १०३ लागणं कठीण आहे कारण माणूस मारायचा हेतूच नव्हता. निष्काळजीपणाने मृत्यू, कलम १०६, पाच वर्षांपर्यंत शिक्षा, हे बहुतेक लागेल. आपल्या बारने माणूस मरू शकतो हे त्याला माहीत होतं असं पुराव्यात आलं तर कलम १०५, म्हणजे सदोष मनुष्यवध, दहा वर्षांपर्यंत. साथीदारांचे जबाब, कोण कुठे उभा होता, अंतर किती, बॅटरी कोणाकडे, यावर सगळं अवलंबून आहे.

सोडावं का विचारलंत. इंग्लंडच्या कोर्टांनी १९८० च्या दशकात स्वसंरक्षणाच्या बाबतीत ठरवलं की समज प्रामाणिक असली की झालं, ती वाजवी नसली तरी चालेल. मला हे पटत नाही. दुसऱ्याच्या जिवावर बेतणारी गोष्ट करताना आधी खात्री करून घेणं हे आपलं त्या माणसाशी देणं आहे, ते दिलंच नाही तर प्रामाणिकपणाचं काय करायचं? मुलगा वाईट नसेल, आयुष्यभर झोपणार पण नाही कदाचित, ते शिक्षा ठरवताना कोर्ट बघेलच. तुम्ही त्याला मनात माफ करायचं की नाही हे तुमचं आणि वहिनींचं, गावाने त्यात पडू नये.

आणि तक्रार मागे घ्या म्हणणाऱ्यांना सांगा की १०५ काय नि १०६ काय, आपसात तडजोड करून मिटवता येणारे गुन्हे नाहीत, केस सरकार चालवतं. एफआयआरची कॉपी घ्या, कलमं कोणती लावलीत बघा, सरकारी वकिलाला मदत करायला स्वतःचा वकील देता येतो. वहिनींसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नुकसानभरपाईचा अर्ज करा, आरोपी सुटला तरी कोर्ट तशी शिफारस करू शकतं. मुलांचे दाखले आणि भावाच्या कमाईचे कागद आत्ताच गोळा करून ठेवा.