मिनिमम भरूनही बाकी वाढतेच कशी?

क्रेडिट कार्डाबद्दलच्या पत्रांत तेच तेच गोंधळ पुन्हा येत आहेत, म्हणून निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत. अटी बँकेगणिक बदलतात. इथले आकडे समजण्यापुरते धरा आणि निर्णयाआधी स्वतःच्या कार्डाच्या अटी वाचा.

मोबाइलवर स्वतःचा सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणारे गुण) सारखा पाहिला तर तो कमी होतो का? (सांगली)

नाही. कमी होऊ शकतो तो धडाधड अर्ज केल्याने. दर अर्जामागे बँक तुमच्या कर्जफेडीच्या नोंदींचा रिपोर्ट मागवते आणि त्याची नोंद राहते.

माझं बिल ४०,००० रुपये होतं. मी दर महिन्याला न चुकता मिनिमम (बँकेने ठरवलेली किमान रक्कम) भरतो, लेट फी एकदाही लागलेली नाही. तरी बाकी हलत नाही. बँकेची चूक आहे का? वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं बेकायदा आहे, असा मेसेजही आला आहे. (पिंपरी)

मेसेज आधी निकालात काढू. ३० टक्क्यांची मर्यादा राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. मेसेज फिरवणाऱ्यांपर्यंत ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही.

आता हिशेब. समजा तुम्ही ६ जूनला ४०,००० ची खरेदी केली, बिल ३० जूनला निघालं आणि भरायची शेवटची तारीख २० जुलै आहे. पूर्ण रक्कम भरली तर व्याज शून्य. तुम्ही मिनिमम, समजा ५ टक्के, म्हणजे २,००० भरता. तुम्हाला वाटतं, व्याज २१ जुलैपासून आणि ३८,००० वर लागेल. तसं होत नाही. पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी मुदत मागे जाऊन रद्द होते आणि खरेदीच्या दिवसापासून व्याज मोजलं जातं. महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के दराने ४०,००० वर ४४ दिवसांचं व्याज होतं सुमारे २,०२५. पुढे ३१ जुलैपर्यंत ३८,००० वर सुमारे ४८०. या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ४५० च्या आसपास. तुम्ही भरले २,००० आणि चढले २,९५० हून अधिक! मूळ बिलापेक्षा बाकी जास्त झाली, आणि एवढ्यावरून बँकेची चूक ठरत नाही.

एवढ्यावर भागत नाही. जुनी बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. त्या महिन्यातला किराणा, पेट्रोल, सगळं पहिल्या दिवसापासून व्याजात. मिनिमम भरून तुम्ही लेट फी आणि रिपोर्टवरचा ‘उशीर’ हा शेरा टाळता, बस्स. त्या आकड्याला मोठ्या अक्षरांत, ॲपमध्ये सोयीचं बटण देऊन पुढे का केलं जातं, याचा विचार करा. फक्त मिनिमम भरल्यास फेड वर्षानुवर्षं लांबते, हा इशारा स्टेटमेंटवर छापणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. तो वाचतो कोण?

कार्ड आजपासून वापरू नका. बाकी हप्त्यांत वळवायला किती लागेल, हे बँकेला लेखी विचारा आणि वैयक्तिक कर्जाच्या दराशी ताडून पाहा. प्रक्रिया शुल्कही धरा. आकडे घेऊन एखाद्या सीएकडे अर्धा तास बसा, पण पुढचं बिल यायच्या आत.

नो-कॉस्ट ईएमआय खरोखर बिनव्याजी असतो का? (नाशिक)

व्याज असतंच, तेवढी सूट किमतीत दाखवलेली असते. व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुमच्याच माथी. रोखीने तीच वस्तू कितीला मिळते, ते आधी विचारा.

वसुली एजंट म्हणतो, निम्मे पैसे भरा, खातं संपवून टाकू. भरू का? (सोलापूर)

फोनवरच्या शब्दावर एक रुपयाही नको. बँकेचं पत्र मागा आणि पैसे कार्डाच्या खात्यातच भरा. तडजोडीने संपलेलं खातं रिपोर्टवर ‘क्लोज्ड’ नव्हे, ‘सेटल्ड’ असं दिसतं, आणि पुढे गृहकर्ज मागताना हा शब्द आडवा येतो. जमत असेल तर पूर्ण फेडा. नसेलच जमत, तर सही करण्याआधी जाणकाराला पत्र दाखवा.

दोन वर्षांपूर्वी कार्ड बंद करायला फोनवर सांगितलं होतं. आता वार्षिक शुल्क थकबाकीत दिसतं, स्कोअर ६४० झाला. एक जण ८,००० घेऊन ‘स्कोअर दुरुस्त’ करून देतो म्हणतो. (कोल्हापूर)

त्याला आधी नाही म्हणा. खरी नोंद पैसे देऊन पुसता येत नाही आणि चुकीची फुकटात दुरुस्त होते. तो जे अर्ज करणार, तेच तुम्ही करू शकता, शिवाय पॅन-आधार अनोळखी माणसाच्या हातात जात नाही.

दोन वर्षं स्वस्थ का बसलात, हे मात्र कळलं नाही. बाकी नसेल तर विनंतीनंतर सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड. हा नियम जुलै २०२२ पासून आहे. पण विनंतीचा पुरावा हवा, म्हणून ईमेल करायचा असतो. आता त्या कॉलचा तक्रार क्रमांक किंवा एसएमएस शोधा, शुल्क मागे घेण्याची लेखी मागणी करा आणि सिबिलकडेही वाद नोंदवा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही संस्थांचा पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा मोफत मिळतो. चारही तपासा, चूक एकीकडेच असेल असं नाही. नोंद दुरुस्तीची तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. तिथे तक्रारीला शुल्क नाही. चौकशीसाठी क्रमांक १४४४८.

लिमिट एक लाख आहे, दरमहा ८०-९० हजार वापरतो आणि पूर्ण भरतो. तरी स्कोअर का रेंगाळतो? (ठाणे)

बँक सिबिलला ज्या तारखेची माहिती कळवते, त्या तारखेची बाकी तिथे दिसते; तुम्ही नंतर भरता हे तिथे दिसत नाही. बिल निघण्याआधीच थोडी रक्कम भरून पाहा. ‘वापर लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत’ हा ठोकताळा आहे, कायदा नाही. दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही तर रिपोर्ट घेऊन बँकेत जा. कारण दुसरंच असू शकतं.

अडचणीत क्रेडिट कार्डाने एटीएममधून पैसे काढावेत का? (मडगाव)

नको. काढल्या क्षणापासून व्याज, वर शुल्क. दवाखान्याचं बिल असेल तर तिथेच कार्ड स्वाइप करा.