ससेपालन : 'डीएनए तपासलेली' मादी घ्यावी का?

प्रश्न (मुरबाड) : पैदाशीची मादी विकणारा सांगतो की तिची डीएनए तपासणी झाली आहे, पिल्ले जास्त देईल आणि ती वाढतीलही झपाट्याने. किंमत मात्र चढी आहे. घ्यावी का?

उत्तर : नुसत्या त्या कागदावर जादा पैसे मोजू नका. तपासणीमागचे शास्त्र खोटे नाही. मायोस्टॅटिन, ग्रोथ हार्मोन या जनुकांतील फरक सशांच्या वाढीशी जोडून पाहिले गेले आहेत. स्पेनमधील सशांत प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर जनुकाचा पिल्लांच्या संख्येशी संबंध आढळला. पण एका जनुकाचा वाटा लहान असतो, आणि एका वाणात सापडलेली खूण दुसऱ्या वाणात लागू पडेलच असे नाही. तुमच्याकडची न्यूझीलंड व्हाइट (पांढऱ्या सशांचा वाण) कित्येक ठिकाणी संकर होऊन आलेली असते, हे विसरू नका.

त्यातही वाढ आणि वेत यांत फरक आहे. वाढीतला साधारण 20 ते 40 टक्के फरक आनुवंशिक असतो, तर पिल्लांच्या संख्येतला जेमतेम 5 ते 15 टक्के. उरलेले सगळे खाद्य, पिंजरा, नर आणि आपल्याकडचा उकाडा ठरवतो. म्हणून विक्रेत्याकडे मादीच्या आईच्या तीन-चार वेतांची नोंदवही मागा : जन्मलेली पिल्ले, दूध तोडताना जगलेली पिल्ले, 21व्या दिवशी वेताचे एकूण वजन. या वजनावरून आईचे दूध कळते. वही नाही म्हणाला, तर सौदा तिथेच थांबवा.

प्रश्न (शहापूर) : पैदाशीसाठी सर्वांत वजनदार पिल्लू ठेवतो. बरोबर आहे ना?

उत्तर : अर्धेच. चार पिल्लांच्या वेतातले प्रत्येक पिल्लू दूध भरपूर मिळाल्याने गुबगुबीत दिसते, नऊच्या वेतातले किडकिडीत. दरवेळी गुबगुबीत निवडलेत, तर नकळत कमी पिल्ले देणाऱ्या माद्यांचीच पैदास वाढेल. मोठ्या वेतातली पिल्ले आपसात तोला आणि त्यांतले भारी ठेवा. मादीला सड साधारण आठच, त्यामुळे जादा पिल्ले त्याच दोन-तीन दिवसांत व्यालेल्या दुसऱ्या मादीखाली सोडा. पण वहीत नाव जन्मदात्या आईचेच लिहा. सख्ख्या नात्यातला नर वापरू नका.

एप्रिल-मेच्या वेतांवरून मात्र कोणतीही मादी मोडीत काढू नका. तापमान 30 अंशांपुढे टिकले की नराचे वीर्य बिघडते आणि सुधारायला दीड-दोन महिने जातात. जूनमध्ये मादी गाभण राहिली नाही, तर आधी नर बदलून पाहा.