‘ताबा सुटला’, पण हवेत की जमिनीवर?

प्रश्न असा आहे : एका छोट्या खासगी विमानाच्या अपघाताची बातमी देताना ‘उतरताना वैमानिकाने नियंत्रण गमावले’ असं लिहिलेलं वाचलं. हे मराठी बरोबर आहे का? आणि अशा बातम्यांत येणाऱ्या ‘स्टॉल’ आणि ‘ग्राउंड लूप’ला आपल्याकडे शब्द आहेत का?

‘नियंत्रण गमावले’ मला खटकतं. मराठीत ताबा सुटतो, जसा धीर सुटतो, हातातला दोर सुटतो. ‘वैमानिकाने गमावले’ म्हटलं की चौकशीआधीच दोष त्याच्या माथी बसतो. ‘सुटला’ फक्त काय घडलं तेवढं सांगतं. म्हणून ‘विमानावरचा ताबा सुटला’ हेच लिहावं.

मात्र तेवढ्यावर थांबू नये. विमान अपघातांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात हवेत ताबा सुटणं आणि जमिनीवर ताबा सुटणं हे दोन वेगळे प्रकार आहेत. बातमीतही एवढं यायला हवं.

‘स्टॉल’ हवेतला. त्याचं भाषांतर सर्रास ‘इंजिन बंद पडले’ असं होतं, कारण मोटारीचं इंजिन ‘स्टॉल’ होतं हे आपल्या कानावर असतं. विमानात स्टॉल होतो तो पंख. समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन साधारण १५ अंशांपलीकडे गेला की वरच्या बाजूची हवा पंखाला धरून वाहत नाही आणि विमान खाली बसतं. इंजिन त्या वेळी ठणठणीत चालू असू शकतं. सगळ्यात घातक जागा म्हणजे धावपट्टीच्या रेषेत येण्याचं शेवटचं वळण. वेग कमी, उंची काहीशे फूट, सावरायला जागाच नाही. याला मी ‘पंखांची उचल मोडली’ म्हणेन. ‘उचल खाणे’ आपल्या बोलण्यात आहेच, त्यामुळे शब्द परका वाटत नाही.

‘ग्राउंड लूप’ जमिनीवरचा. पायपर कबसारख्या जुन्या धाटणीच्या विमानांना दोन मोठी चाकं पुढे आणि एक छोटं चाक शेपटीखाली असतं. वजनाचा मध्य मोठ्या चाकांच्या मागे येतो. बाजारातली सामानाची ट्रॉली, जिची पुढची चाकं फिरती असतात, ती भरून उलटी ढकलून सोडा. दोन हात जाते न जाते तोच गर्रकन फिरते. आडव्या वाऱ्यात विमान जरा तिरकं टेकलं की हेच होतं : मागचं वजन पुढे धावू बघतं, शेपटी फिरते, बाहेरच्या बाजूच्या पंखाचं टोक जमिनीला घासतं.

याला ‘लूप’वरून ‘कोलांटी’ म्हणू नये. कोलांटीत डोकं खाली जातं. उभ्याउभ्या स्वतःभोवती फिरणं म्हणजे गिरकी, म्हणून ‘विमानाने धावपट्टीवर गिरकी घेतली’. ‘घसरले’ही चालणार नाही, त्यात फिरणं येत नाही. हां, अशाच विमानात ब्रेक जोरात दाबले गेले, नाक जमिनीत रुतलं आणि विमान पाठीवर उलटलं, तर ‘कोलांटी’ खुशाल लिहावं.