मशीनशॉप विकत घेताना गिऱ्हाईक कुणाचं ते पाहा

प्रश्न : कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमची ग्रे आयर्नची फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना आहे. गिऱ्हाइकं आता मशीनिंग करूनच माल मागतात, म्हणून ओतलेल्या मालावर यंत्रकाम करणारं चालू मशीनशॉप विकत घ्यायचा विचार आहे. गोकुळ शिरगावातलं एक 14 मशीनचं आहे, नफा चांगला दिसतो. कागलच्या पंचतारांकित वसाहतीतलं दुसरं 6 मशीनचं, नफा बेताचा. कोणतं घ्यावं?

उत्तर : मशीन मोजण्याआधी त्या शॉपला काम कोण देतं ते बघा. जॉबवर्कवर, म्हणजे दुसऱ्यांचा माल मजुरीवर करून देण्यावर चालणाऱ्या शॉपला बरंचसं काम आजूबाजूच्या फाउंड्र्यांकडूनच येतं. शॉप तुमचं झालं की आपली ड्रॉइंग आणि दर स्पर्धकाच्या हाती राहू द्यायला त्या तयार होणार नाहीत, काम काढून नेतील. विक्रेता मात्र तो नफा धरूनच किंमत सांगतो. समजा, घसारा, व्याज आणि कर वजा होण्याआधीचा वर्षाचा नफा 1 कोटी आहे आणि मागणी पाचपटीची, म्हणजे 5 कोटींची. यातला 40 टक्के नफा इतर फाउंड्र्यांच्या कामाचा असेल, तर बोलणी 60 लाखांवर, म्हणजे 3 कोटींवर करा. रिकामे झालेले तास तुमची कास्टिंग, म्हणजे ओतीव नग भरून काढतील हे खरं. पण ते काम तुम्ही आणणार आहात, त्याचे पैसे विक्रेत्याला देऊ नका.

म्हणून तीन वर्षांची विक्री गिऱ्हाईकवार मागा आणि जीएसटीच्या विवरणपत्रांशी ताडून पाहा. गाळा घरच्याच कुणाच्या नावावर असून भाडं लागत नसेल, मालक पगार उचलत नसेल, तर बाजारभावाने दोन्ही खर्च धरून नफा पुन्हा काढा.

मग तुमची गरज. 6 मशीन, रोज 20 तास, 26 दिवस आणि 85 टक्के वापर धरला तर महिन्याला 2,652 तास मिळतात. एका नगाला 12 मिनिटं लागत असतील तर 13,260 नग. तुमचा माल एवढ्यात बसत असेल तर आमचा कौल लहान शॉपला आहे. मोठ्या शॉपची उरलेली 8 मशीन रिकामी ठेवून हप्ते फेडणं फार जड जातं.

फिक्स्चर (नग धरायचे साचे) आणि गेज (मापं तपासायची साधनं) कुणाचे, हे एकेक करून विचारा. कित्येक गिऱ्हाइकाच्या मालकीचे असतात, तरी यादीत दिसतात. मशीन शिरोलीला हलवणार असाल तर गिऱ्हाईक नव्याने पीपॅप, म्हणजे नमुना नग आणि कागदपत्रं तपासून द्यायची उत्पादन-मंजुरी मागेल, तेवढ्या काळाचा तयार साठा आधी करून ठेवा. आणि सेटर, म्हणजे मशीन जुळवून देणारे कारागीर टिकणार का, हे सही करण्याआधीच त्यांच्याशी बोलून ठरवा.

कंपनीचे शेअर घेतलेत तर जुनी सगळी देणी अंगावर येतात. फक्त धंदा घेतलात तरी आधीच्या जीएसटी थकबाकीला दोघंही जबाबदार धरले जातात. त्यामुळे किमतीतले 10 ते 15 टक्के दीड वर्ष तिसऱ्याकडे अडकवून ठेवायची अट घाला. भूखंड भाडेपट्ट्याचा असतो. हस्तांतराला एमआयडीसीची परवानगी आणि शुल्क लागतं, ते कोण भरणार हे टर्म शीटमध्येच, म्हणजे सौद्याच्या अटींच्या पहिल्या कागदातच लिहा.

प्रश्न : आम्हा भावांच्या दोन लहान प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या एक करायच्या आहेत. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात जावं लागेल का?

उत्तर : दोन्ही कंपन्या कायद्याच्या व्याख्येत ‘लहान’ बसत असतील तर कंपनी कायदा 2013 च्या कलम 233 ची जलद वाट आहे, ती न्यायाधिकरणाऐवजी केंद्र सरकारच्या प्रादेशिक संचालकांकडून जाते. अडतं ते मंजुरीपाशी. एकूण शेअरपैकी 90 टक्के शेअर असलेल्यांची संमती लागते, नुसत्या हजर असलेल्यांपैकी नव्हे. समजा, पुण्याच्या एखाद्या बहिणीकडे 11 टक्के असतील आणि तिने उत्तरच दिलं नाही, तर योजना तिथेच थांबते. धनकोंचीही रकमेच्या नऊ दशांश संमती हवी, म्हणून सर्वात आधी कर्ज दिलेल्या बँकेकडे जा. यात एखादी भागीदारी संस्थाही जोडायची असेल, तर तिची आधी कंपनी करावी लागेल.