नेव्हाडा सिटीचा जुना बंबखाना बघायला एवढ्या लांब जावं का?

तुम्ही विचारलंय की सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून निघून, बंबवेडा मुलगा आणि पुण्याहून आलेले आई-बाबा यांना घेऊन कॅलिफोर्नियातल्याच नेव्हाडा सिटीचं 'फायरहाउस नंबर वन' गाठणं परवडेल का.

जा, पण बंब बघायला म्हणून जाऊ नका. मुलाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर दारातच भोकाड पसरेल. 1861 साली बांधलेल्या या इमारतीत आता काउंटीच्या इतिहास मंडळाचं संग्रहालय आहे आणि आतल्या बऱ्याच वस्तूंचा आगीशी काडीचा संबंध नाही. मैदू आदिवासींनी विणलेल्या टोपल्या आहेत, 1846-47च्या हिवाळ्यात सिएरा पर्वताच्या बर्फात अडकलेल्या, कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या स्थलांतरितांच्या डोनर तांड्याच्या वस्तू आहेत. माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो शेजारच्या ग्रास व्हॅली गावच्या चिनी देवळातून आणलेल्या देव्हाऱ्यापाशी. सोन्याच्या आशेने आलेल्या चिनी मजुरांचा हा देव. तुमच्या आई तिथे हात जोडणार, पैज लावतो.

इमारत खरी बघायची ती समोरच्या फुटपाथवरून. अरुंद, पांढरी, दुमजली. वर घंटेचा मनोरा आणि सज्जाला लाकडी नक्षीची झालर. हा नखरा नंतरचा, मूळचं काम साधं विटांचं. सोनं सापडल्यावर घाईघाईत उभं राहिलेलं हे लाकडी गाव 1851मध्ये जळलं, 1856मध्ये पुन्हा जळलं, तेव्हा कुठे बंबखाने आले. आणि ते आल्यावरही 1863मध्ये आगीने गाव गिळलंच! पाण्याच्या नळ्यांचा गाडा माणसंच ओढत, तोही या चढउतारांवर. ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास जुन्या विटांच्या दुकानांना लोखंडी झडपा दिसतील, त्या याच धास्तीपोटी बसवलेल्या.

बाबांचे गुडघे दुखत असतील तर गाडी वरच्या अंगाला लावा, म्हणजे जाताना तरी उतार मिळेल. रस्ता सोपा आहे: आय-80ने ऑबर्न, तिथून 49 नंबरचा हायवे. जीपीएसवर कॅलिफोर्निया निवडलंय ना, ते बघा; नाहीतर नेव्हाडा राज्यात पोचाल. संग्रहालय स्वयंसेवक चालवतात, हिवाळ्यात बंद असतं आणि एरवीही रोज उघडत नाही, त्यामुळे वेळा बघूनच निघा. मुलासाठी परतताना ग्रास व्हॅलीची एम्पायर माइन करा. 1956मध्ये बंद पडलेली सोन्याची खाण आहे, आणि पळायला मैदानही भरपूर.