कठीण काळात प्रार्थना आणि बायबल यांतून खरंच आधार मिळतो का? माझ्या तोंडून तर प्रार्थनाच निघत नाही.

तुम्ही लिहिलंय की वडील आयसीयूत आहेत, मंडळीतले (चर्चमधले) लोक 'विश्वास ठेव' म्हणतात आणि गुडघे टेकले की शब्द सुटत नाही. मी साक्री तालुक्यातली, आता धुळ्याला असते. २०१९च्या पावसाळ्यात माझ्या मिस्टरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हा माझंही अगदी हेच झालं होतं.

आधी बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायातलं २६वं वचन काढा. प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा पवित्र आत्माच शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो, असं प्रेषित पौल तिथे लिहितो. मी दवाखान्याच्या बाकड्यावर नुसते उसासे टाकत बसायचे. तीही प्रार्थनाच होती, हे मला फार उशिरा कळलं.

मंडळीतले एक बंधू भेटायला आले आणि घरात काही गुप्त पाप असेल, ते कबूल करा म्हणाले. त्यांना मी चहा दिला, पण मनातून ते उतरले ते उतरलेच. बायबलमधल्या ईयोबावर संकटांमागून संकटं आली, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले होते तोवर बरं होतं. तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर, ओरडून जाब विचारणाऱ्या ईयोबावर तसा नाही.

म्हणून सांगते, गोड प्रार्थना जमत नसेल तर तक्रार करा. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं १३वं स्तोत्र 'किती काळ' असं विचारतच सुरू होतं आणि सहा वचनांत संपतं, तेवढंच मोठ्याने वाचा. ८८वं तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं. ते कुणी बायबलमधून काढून टाकलं नाही, याचाच मला धीर वाटायचा.

२३वं स्तोत्र मात्र मला नकोसं झालं होतं, प्रत्येक अंत्यविधीला ऐकून ऐकून. मग एकदा 'तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात' इथे अडखळले. आमच्याकडे कापूस निघाला की ठेलारी म्हणजे मेंढपाळ येतात, खतासाठी शेतात मेंढरं बसवतात. त्यांच्याकडे लांब काठीला बांधलेली आकडी असते. उन्हाळ्यात खाली गवताची काडी उरत नाही, तेव्हा ते बाभळीची फांदी आकडीने ओढून खाली धरतात आणि खालची मेंढरं पाला-शेंगा खातात. ज्याच्या नावावर हे स्तोत्र आहे त्या दाविदाची आकडी नेमकी अशीच असेल असं नाही. पण मला त्या वाक्यात तेव्हापासून माझ्या बापाच्या शेतातली बाभूळच दिसते.

आणि जेवा. हे मी गमतीने म्हणत नाही. बायबलमधल्या '१ राजे' या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी पुढे ठेवतो, झोपू देतो, परत उठवून खायला लावतो. देवाचं बोलणं पुढे, चाळीस दिवसांनी. माझ्याकडे शेजारच्या आजी कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकर आणि मिरचीचा ठेचा घेऊन आल्या. त्या ख्रिस्ती नाहीत, बायबल त्यांनी कधी उघडलेलंही नसेल. म्हणाल्या, "रडी ले माय, पन पहिले दोन घास खाई ले." (वडिलांचे डॉक्टरी उपचारही चालू राहू द्या. प्रार्थना त्यांच्या जागी नसते.)

तुम्ही विचाराल, मिस्टर बरे झाले का? पूर्ण नाही. उजवा हात अजून साथ देत नाही. पण दुसऱ्या महिन्यातली एक संध्याकाळ सांगते. त्यांना 'पाणी' हा शब्दही जुळवता येत नव्हता, बोट दाखवायचे. मी सवयीने 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही येशूने शिकवलेली प्रार्थना सुरू केली, तर मागून जड जिभेने आवाज आला. 'रोजची भाकर'पर्यंत ते माझ्याबरोबर आले. स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या, लहानपणापासून पाठ असलेलं असं पुष्कळांचं शाबूत राहतं, यात चमत्कार नाही. नसू दे. मला 'भाकर' ऐकू आलं, आणि पहिल्यांदा मला भूक लागली.